शब्दचर्चा : 'पूरक प्रथिने', 'कॉम्प्लिमेंट' आणि यकृताची इजा

कानामात्रा

यकृताच्या आजारांवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. वाचक वैद्यकशाखेचे नाहीत, पण जिज्ञासू आहेत. घोडे एका शब्दापाशी अडले आहे : 'कॉम्प्लिमेंट', म्हणजे रोगप्रतिकारसंस्थेतली रक्तातली काही प्रथिने. मी त्यांना 'पूरके' म्हटले आहे. मसुद्यातली तीन वाक्ये देतो.

१) यकृताला इजा झाली की पूरके सक्रिय होतात आणि यकृताच्या पेशींना भोके पाडून मारतात.
२) जुनाट यकृतविकारात पूरके कमी होतात.
३) पूरके म्हणजे प्रतिपिंडांना (अँटीबॉडींना) साहाय्य करणारी प्रथिने.

पहिल्याच वाचकाने शेरा मारला, "पूरके म्हणजे जीवनसत्त्वाच्या गोळ्या ना? मग त्या यकृताला का मारतात?" शेरा रास्त आहे. 'कॉम्प्लिमेंट' तसाच ठेवावा तर तो देवनागरीत प्रशंसेच्या 'कॉम्प्लिमेंट'सारखाच दिसतो. सुचवा.

शब्दवेल्हाळ

'पूरक'चा घोळ आजचा नाही. प्राणायामात पूरक म्हणजे आत घेतलेला श्वास. व्याकरणात 'विधानपूरक' आहे आणि तिथे तो अगदी चपखल बसतो, कारण त्याच्यावाचून विधान अपुरेच राहते. गणितात मात्र गंमत आहे. संचाच्या 'कॉम्प्लिमेंट'ला आपण पूरक संच म्हणतो, पण भूमितीत ज्या कोनांना इंग्रजीत 'कॉम्प्लिमेंटरी' म्हणतात ते (बेरीज ९०°) मराठीत कोटिकोन आहेत आणि 'सप्लिमेंटरी' (बेरीज १८०°) ते पूरक कोन. म्हणजे शाळेपासूनच मराठी 'पूरक' दोन वेगळ्या इंग्रजी शब्दांचा भार वाहतो आहे. त्यात 'पूरक आहार' आला. तुमच्या वाचकाचा काही दोष नाही.

एकटा 'पूरक' नाम म्हणून वापरू नका. 'पूरक प्रथिने' असा जोडूनच वापरा. 'पूरके' हे अनेकवचन तर टाकूनच द्या, ते थेट औषधाच्या दुकानात नेऊन सोडते.

सूक्ष्मदर्शी

'पूरक प्रथिने'वरही पहिल्या वाचनाला प्रथिनांची पावडरच आठवेल. म्हणून पहिल्या उल्लेखात 'रक्तातली पूरक प्रथिने' किंवा 'पूरक प्रथिनसंस्था' लिहा आणि तिथेच एका वाक्यात सांगा की ही बाहेरून घ्यायची नसतात, बहुतांश यकृतच तयार करते. हे वाक्य केवळ खुलासा नाही, तुमच्या लेखाची ती किल्ली आहे. जो अवयव ही प्रथिने बनवतो तोच त्यांच्या तडाख्यात सापडतो.

पुरावा हवा असेल तर १९६९ मधला एक सुरेख आहे. सी३ या पूरक प्रथिनाचे आनुवंशिक प्रकार असतात. यकृतरोपणानंतर रुग्णाच्या रक्तातला सी३ बदलून दात्याच्या प्रकारचा झाला. म्हणजे रक्तात फिरणारा सी३ मुख्यतः यकृतातूनच येतो. अपवाद मात्र लिहा : सी१क्यू प्रामुख्याने भक्षक पेशी (जंतू गिळणाऱ्या पेशी) आणि त्यांच्या नात्यातल्या पेशी बनवतात, घटक डी चरबीच्या ऊतीतून येतो, प्रॉपर्डिन पांढऱ्या पेशींतून. त्यामुळे 'सर्व पूरक प्रथिने यकृतात बनतात' असे सरसकट विधान करू नका.

आता तिसरे वाक्य. ते शंभर वर्षांपूर्वी बरोबर होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असे दिसले की ताज्या रक्तरसात जिवाणू मारण्याची ताकद असते आणि तो ५६° सेल्सिअसला अर्धा तास तापवला की ती जाते. प्रतिपिंडे मात्र तेवढ्या उष्णतेला टिकतात. तापवलेल्या रक्तरसात थोडा ताजा, प्रतिपिंडे नसलेला रक्तरस घातला की ताकद परत येते. या उष्णतेने जाणाऱ्या भागाला बुखनर यांनी 'अलेक्झिन' म्हटले (मूळ ग्रीक, अर्थ 'रक्षण करणारे'), बोर्दे यांनी तेच नाव चालवले, आणि एर्लिख यांनी प्रतिपिंडाचे काम पुरे करणारा म्हणून त्याला 'कॉम्प्लिमेंट' म्हटले. बोर्दे यांना १९१९ चे नोबेल मिळाले, पण टिकले एर्लिख यांचे नाव.

नाव टिकले, अर्थ मात्र सरकला. आज या कुळात ३० हून अधिक प्रथिने मोजतात आणि ती सुरू होण्याच्या तीन वाटा आहेत. पारंपरिक वाटेत बहुधा प्रतिपिंड लागते. लेक्टिन वाटेत जिवाणूच्या पृष्ठभागावरची शर्करा ओळखली जाते. पर्यायी वाट तर सतत मंद आचेवर चालूच असते, तिला निमंत्रण लागत नाही. उत्क्रांतीतही सी३ सारखी प्रथिने प्रतिपिंडांच्या खूप आधीची आहेत. तेव्हा 'प्रतिपिंडांना साहाय्य करणारी' म्हणणे म्हणजे आजीला नातीची मदतनीस म्हणणे.

रेघोटी

मग 'पूरक' हा शब्दच चुकीचा ठरत नाही का? 'अलेक्झिन'चा अर्थ घेऊन 'रक्षक प्रथिने' का नको?

सूक्ष्मदर्शी

नको, आणि कारण याच लेखात आहे. 'रक्षक' म्हटले की यकृताच्या इजेत त्यांचा हात कसा, हे प्रत्येक परिच्छेदात समजावत बसावे लागेल. 'पूरक' निदान बाजू घेत नाही. संज्ञेने सगळे सांगायचे नसते, तिने फक्त दिशाभूल करू नये.

शब्दवेल्हाळ

सहमत. शिवाय 'पूरक' लिहिले की शोधणाऱ्याला इतर मराठी लेखन सापडते. नवा शब्द काढला तर तो त्या लेखापुरताच राहतो.

आनुषंगिक शब्दांचे बघू. एका प्रथिनाने पुढच्याला चालू करत जाणे, या 'कॅस्केड'साठी 'साखळी', 'उतरंड', 'प्रपात' असे तिन्ही वाचायला मिळतात. उतरंड एकावर एक मडक्यांची, ती स्थिर असते, म्हणून बाद. साखळीत एका कडीला एकच कडी. इथे तसे आहे का?

सूक्ष्मदर्शी

नाही, आणि फरक नेमका तिथेच आहे. सी३ छेदणारे एक विकर (एन्झाइम) बनले की ते एकामागून एक अनेक सी३ रेणू छेदत सुटते. छेदलेल्या सी३ चा मोठा तुकडा सी३बी घटक बी ला पकडून नवे छेदक विकर बनवतो, ते आणखी सी३ छेदते. ही वाढती फेरी आहे. 'प्रपात' बरा, कारण खाली येताना पसरतो. 'साखळी' वापरायचीच तर 'वाढत जाणारी साखळी प्रक्रिया' म्हणा.

क्रमांकांबद्दलही एक ओळ टाका, नाहीतर वाचक छपाईची चूक समजेल. क्रम सी१, सी४, सी२, सी३, सी५ असा आहे. चौथा दुसऱ्याच्या आधी, कारण क्रमांक शोधाच्या काळात पडले, कामाचा क्रम नंतर कळला.

आणि 'ए', 'बी'. रेणू छेदला की लहान तुकडा 'ए', मोठा 'बी' : सी३ए लहान, सी३बी मोठा. अपवाद सी२ चा. त्याच्या मोठ्या तुकड्याला वर्षानुवर्षे सी२ए म्हणत आले आणि अलीकडे काहींनी तो नियमात बसवून सी२बी केला. त्यामुळे एकच विकर जुन्या पुस्तकात सी४बी२ए आणि नव्या लेखात सी४बी२बी असे दिसते. कोणतेही एक घ्या, पण मूळ मजकूर कोणत्या पद्धतीचा आहे हे पाहिल्याशिवाय घेऊ नका. अर्धे एका पद्धतीने आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीने उतरवलेले भाषांतर दुरुस्तही करता येत नाही.

रेघोटी

'ऑप्सनायझेशन'ला काय? 'भक्षणसुलभीकरण' असा एक आगगाडीएवढा शब्द वाचला आहे.

शब्दवेल्हाळ

मूळ ग्रीक 'ऑप्सॉन' म्हणजे भाकरीसोबत खायचे ते. मराठीत याला हजारो वर्षांचा नसला तरी घरचा शब्द आहे : तोंडीलावणे! जिवाणूला सी३बी चे तोंडीलावणे लागले की भक्षक पेशी तो चवीने गिळतात. संज्ञा म्हणून चालणार नाही, पण समजावताना वापरायला हरकत नाही. संज्ञा 'ऑप्सनीकरण' ठेवावी.

सूक्ष्मदर्शी

यावर माझी ना नाही. फक्त 'लागले' हे क्रियापद जपून. सी३बी नुसता चिकटत नाही, पृष्ठभागाशी रासायनिक बंधाने कायमचा जोडला जातो. त्याला सेकंदाच्या अत्यल्प भागात जागा सापडली नाही तर पाण्याशी संयोग होऊन तो निकामी होतो. म्हणून तो जिथे तयार होतो तिथेच बसतो. इजा यकृताच्या विशिष्ट भागात का एकवटते, याचे एक कारण हेच.

नळकांडे

प्रयोगशाळेच्या बाजूने बोलतो. दुसरे वाक्य, 'जुनाट यकृतविकारात पूरके कमी होतात', यातला 'कमी' हा या चर्चेतला सगळ्यात घातक शब्द आहे, 'पूरक'पेक्षाही. कारण 'कमी'चे दोन उलटे अर्थ निघतात.

एक : प्रथिने खर्ची पडली. म्हणजे संस्था जोरात चालू आहे.
दोन : प्रथिने तयारच झाली नाहीत. म्हणजे कारखाना, अर्थात यकृत, मंदावला आहे.

अहवालात दोन्हीकडे सी३ घटलेलाच दिसतो. प्रौढांत सी३ साधारण ९० ते १८० आणि सी४ साधारण १० ते ४० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर धरतात (प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी निराळी, तीच अहवालावर पाहावी). पहिल्या अर्थासाठी 'खर्ची पडणे' हा मराठी वाक्प्रचार इतका नेमका आहे की 'कंझम्प्शन'चे 'उपभोग' किंवा 'सेवन' करणाऱ्यांचे आश्चर्य वाटते. दुसऱ्यासाठी 'निर्मिती घटणे'. दोन्ही वेगळे लिहा.

ओळखायचे कसे? सोबत यकृताचे इतर उत्पादन पाहायचे. अल्ब्युमिन घटले आहे, रक्त गोठायला वेळ लागतो आहे आणि सी३, सी४ दोन्ही खाली, तर निर्मिती घटल्याचा संशय. सी४ एकटाच फार खाली आणि सी३ जेमतेम ठीक, तर पारंपरिक वाटेने खर्ची पडल्याचा संशय. हिपॅटायटिस सी सोबत क्रायोग्लोब्युलिन, म्हणजे थंडीत साकळणारी प्रतिपिंडे असली की हे चित्र हमखास दिसते. आणि खरा निवाडा हवा तर तुकडे मोजायचे : सी३ए किंवा विद्राव्य सी५बी-९ (शेवटच्या पायरीवर बनणारे, रक्तात सुटे फिरणारे संकुल). तुकडे वाढलेले म्हणजे संस्था चालू आहे, मूळ प्रथिनाची पातळी काहीही असो.

आणखी एक खोच. दाह झाला की यकृत सी३ जास्त बनवते. एकीकडे जास्त बनतोय, दुसरीकडे खर्ची पडतोय, आणि अहवालात 'सामान्य'. म्हणून 'सी३ सामान्य, अर्थात पूरक प्रथिनांचा संबंध नाही' हे वाक्य लेखात असेल तर खोडा.

कानामात्रा

आहे. खोडतो.

नळकांडे, तुम्ही तुकडे मोजण्याचे म्हणालात. मूळ लेखात नमुना घेण्याबद्दल दोन ओळी आहेत, त्यात 'सीरम' आणि 'प्लाझ्मा' यांची अदलाबदल झाल्यासारखी वाटते. मी दोन्हीला 'रक्तद्रव' लिहिले आहे.

नळकांडे

तिथे तर मुळीच एक शब्द चालणार नाही. प्लाझ्मा म्हणजे रक्तद्रव : गोठू न दिलेल्या रक्ताचा पातळ भाग. सीरम म्हणजे रक्तरस : रक्त गोठून गाठ काढल्यावर उरलेला द्रव. पूरक प्रथिनांच्या बाबतीत हा फरक जीवघेणा आहे, कारण रक्त नळीत गोठतानाच काही पूरक प्रथिने छेदली जातात.

तुकडे (सी३ए, सी५ए, सी५बी-९) मोजायचे तर ईडीटीए घातलेल्या नळीतला रक्तद्रवच हवा. ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही धरून ठेवते. पारंपरिक आणि लेक्टिन वाटेला कॅल्शियम लागते, पर्यायी वाटेला मॅग्नेशियम, त्यामुळे सगळ्याच वाटा बंद होतात. नळी लगेच बर्फात, लवकर फिरवून पेशी वेगळ्या, आणि रक्तद्रव उणे ७०° किंवा त्याखाली. साध्या शीतकपाटात ठेवलेल्या नमुन्यातला वाढलेला सी३ए हा रुग्णाचा नसून नळीचा असतो.

कार्य मोजायचे, म्हणजे सीएच५०, तर रक्तरस. ही चाचणी प्रतिपिंड लावलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशी वापरते आणि त्यातल्या निम्म्या फोडायला किती रक्तरस लागतो ते पाहते. रक्त खोलीच्या तापमानाला गोठू द्यायचे, रक्तरस वेगळा करून तपासायचा किंवा गोठवायचा. वितळवून पुन्हा गोठवला की कार्य उतरते.

यकृताच्या रुग्णांत इथे एक नेहमीचा सापळा आहे. सीएच५० जवळजवळ शून्य, पण सी३ आणि सी४ व्यवस्थित. पहिला विचार येतो जन्मजात कमतरतेचा. हिपॅटायटिस सी असलेल्या काहींमध्ये मात्र रक्तरस थंड ठेवला की नळीतच पारंपरिक वाट सुरू होते आणि कार्य खर्ची पडते. त्याच वेळी घेतलेल्या ईडीटीए रक्तद्रवात (तपासताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम परत देऊन) किंवा ३७° ला राखलेल्या रक्तरसात सीएच५० नीट आले, तर दोष रुग्णाचा नाही, थंडीचा. भाषांतरात 'रक्तद्रव' आणि 'रक्तरस' एक केले की हा सगळा परिच्छेद निरर्थक होतो.

सूक्ष्मदर्शी

आता पहिले वाक्य, म्हणजे 'भोके पाडून मारतात'.

शेवटची पायरी सी५बी, सी६, सी७, सी८ आणि अनेक सी९ मिळून बनते. सी९ चे वलय साधारण १० नॅनोमीटरच्या आसपास रुंद छिद्र करते. याला 'पटलभेदी संकुल' म्हणा. 'पटल-आक्रमक' ऐकायला लढाऊ वाटते, पण मराठीत भेदण्याचेच काम दिसायला हवे. तांबडी पेशी त्याने फुटते. यकृतपेशीला केंद्रक आहे, ती छिद्र असलेला पटलाचा तुकडा बाहेर टाकून वाचू शकते, आणि तिच्या अंगावर सीडी५९ सारखी नियामक प्रथिने सी९ चे वलय पुरे होऊ देत नाहीत. तेव्हा 'भोके पाडून मारतात' हे यकृताबाबत अर्धवट आहे.

जास्त काम लहान तुकडे करतात. सी५ए ची ग्राहके (संदेश पकडणारी प्रथिने, रिसेप्टर) कुफर पेशींवर (यकृतात ठाण मांडून बसलेल्या भक्षक पेशी) असतात. सी५ए मिळाला की त्या टीएनएफसारखे दाहक संदेश सोडतात आणि न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) गोळा होतात. इजा बऱ्याचदा या गर्दीने होते. रक्तपुरवठा काही काळ तुटून पुन्हा सुरू झाल्यावर, जसे रोपणात किंवा यकृताच्या मोठ्या शस्त्रक्रियेत, हेच घडते. रक्त नसताना पेशी आजारी पडतात, रक्त परतते ते पूरक प्रथिने घेऊन, आणि ती त्या आजारी पृष्ठभागांवर बसतात.

मद्याच्या इजेत वाटण्या आणखी स्पष्ट आहेत. सी३ नसलेल्या उंदरांना मद्य दिले तर यकृतात चरबी कमी साठते. सी५ नसलेल्यांत चरबी साठते, पण दाह कमी. म्हणजे 'पूरक प्रथिने यकृत बिघडवतात' या एका वाक्यात निदान दोन वेगळी कामे दडलेली आहेत.

शब्दवेल्हाळ

'डिके अॅक्सिलरेटिंग फॅक्टर' हाही नियामकच ना? एका ठिकाणी त्याचे 'क्षयत्वरक घटक' केलेले पाहिले आणि दचकलो. मराठी वाचकाला क्षय म्हणजे टीबी!

सूक्ष्मदर्शी

हो, सीडी५५. मद्य दिलेल्या उंदरांत तो नसला तर इजा वाढते, म्हणजे काम उलट आहे. छेदक विकर लवकर सुटे पाडतो तो. 'विघटन-त्वरक' चालेल. नाहीतर सरळ सीडी५५ लिहून पुढे 'छेदक विकर मोडणारा नियामक' म्हणा. तेच मला बरे वाटते.

रेघोटी

मग औषधाने ही प्रथिने बंद केली की यकृत वाचेल?

सूक्ष्मदर्शी

इथेच 'इजा करणारी प्रथिने' हा शब्दप्रयोगही कोसळतो. उंदराच्या यकृताचा ७० टक्के भाग काढला तर उरलेला वाढून भरपाई करतो. सी३ किंवा सी५ नसलेल्या उंदरांत ही वाढ खुंटते, यकृताची हानी वाढते. सी३ए आणि सी५ए यांचे संदेशच पेशींना विभाजनाच्या तयारीत आणतात. रक्तपुरवठा तोडून शिवाय यकृताचा भाग काढलेल्या उंदरांत सी३ च्या पातळीवरचा रोधक कमी मात्रेत दिला तर संरक्षण मिळाले, जास्त मात्रेत दिला तर पुनर्जनन बिघडले. फक्त पटलभेदी संकुल अडवले तेव्हा मात्र संरक्षणही मिळाले आणि वाढही टिकली. म्हणून 'बंद करणे' नव्हे, 'कुठे आणि किती अडवणे' हा प्रश्न आहे.

सी५ अडवणारे एक्युलिझुमॅब २००७ मध्ये मंजूर झाले ते रक्ताच्या एका विकारासाठी, यकृतासाठी नव्हे. त्यात मेंदूज्वर आणणाऱ्या मेनिंगोकॉकस या जिवाणूची लस शक्यतो किमान दोन आठवडे आधी द्यावी लागते, कारण त्या जिवाणूविरुद्ध पटलभेदी संकुल खरोखरच लागते. सी५ए चा ग्राहक अडवणारे अव्हाकोपॅन २०२१ चे, रक्तवाहिन्यांच्या दाहासाठी. त्याच्या माहितीपत्रकात यकृतावर दुष्परिणामाचा इशारा आहे आणि यकृताच्या चाचण्या वेळोवेळी करायला सांगितले आहे. 'पूरकरोधक म्हणजे यकृतरक्षक' असे समीकरण कोणी मांडले तर हे एक उदाहरण पुरेसे आहे.

नळकांडे

सिऱ्होसिसचेही (जुनाट इजेने यकृतात वण साठून ते निकामी होत जाते ती अवस्था) सांगून टाका. तिथे निर्मिती घटल्याने जिवाणूंवर ऑप्सनीकरण कमी पडते. जलोदरातल्या पाण्यात प्रथिने १.५ ग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली असली की त्या पाण्यात आपोआप जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो, आणि त्या पाण्यात सी३ ही कमीच असतो. म्हणजे एकाच आजाराच्या सुरुवातीला पूरक प्रथिने जास्त कामाला लागलेली आणि शेवटी अपुरी. तुमच्या दुसऱ्या वाक्यात हा काळ आलाच पाहिजे.

कानामात्रा

सुधारून :

१) यकृताला इजा झाली की रक्तातली पूरक प्रथिने (बहुतांश यकृतातच तयार होणारी) त्या जागी सक्रिय होतात. त्यांचे लहान तुकडे दाहक पेशींना बोलावतात आणि इजा वाढवू शकतात. यकृत पुन्हा वाढण्यासाठीही हेच तुकडे लागतात.
२) रक्तातला सी३ किंवा सी४ दोन कारणांनी घटतो : तो खर्ची पडतो, किंवा सिऱ्होसिससारख्या अवस्थेत यकृत तो पुरेसा बनवत नाही.
३) प्रतिपिंडांचे काम पुरे करणारी म्हणून त्यांना 'पूरक' नाव पडले, पण ती प्रतिपिंडांवाचूनही काम करतात.

शब्दवेल्हाळ

तिसऱ्यात 'पुरे करणारी'ऐवजी 'पूर्ण करणारी' करा. 'पुरे' वाचून थांबायला सांगितल्यासारखे वाटते.

नळकांडे

दुसऱ्यात 'रक्तातला' ऐवजी 'रक्तरसातला'. आणि 'सी३'मध्ये अंक देवनागरी ठेवलात तर शेवटपर्यंत ठेवा, सारणीत रोमन आणि मजकुरात देवनागरी झाले की 'सी३बी'चा 'बी' आणि 'घटक बी' यांत गोंधळ होतो. ते दोन वेगळे रेणू आहेत.